हॉथॉर्न वाचताना आधी साक्षीदार कोण ते लिहा

शंभर पानी वही घ्या, आडवी धरा आणि पानावर चार रकाने आखा. कोणी पाहिलं. किती अंतरावरून. उजेड कसला होता. दुसऱ्या कोणी पाहिलं का. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कथाकार नथॅनिएल हॉथॉर्न, त्याच्या कथांचा अभ्यास मी अशा वहीवर केला, आणि गेल्या महिन्यात भाचीला एम.ए.च्या पेपरसाठी तशीच वही आखून दिली. ती म्हणाली, "मावशी, हा साहित्याचा अभ्यास आहे की पोलीस ठाण्याची डायरी?" थोडंसं तसंच आहे.

मी साताऱ्याच्या कोर्टात ३१ वर्षं लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश साहेब त्याची जबानी सांगायचे, मी उतरवून घ्यायचे. सरतपास, उलटतपास, मधेच वकिलांची हरकत. या कामाने एक गोष्ट अंगात मुरते: साक्षीदार जे म्हणाला तेवढंच लिहायचं, त्याला काय म्हणायचं असेल ते आपल्या मनाने लिहायचं नाही. "अंधार होता, पण चालीवरून तोच वाटला" असं कोणी सांगितलं, तर "त्याला पाहिलं" असं टाइप करून चालत नाही. त्या एका 'वाटला'वर माणूस सुटतो नाहीतर आत जातो.

निवृत्तीनंतर बाहेरून इंग्रजीत एम.ए. करायला घेतलं. अमेरिकन साहित्याच्या पेपरला हॉथॉर्न होता. संपर्कवर्गात 'यंग गुडमन ब्राउन'च्या नोट्स मिळाल्या: जंगल म्हणजे पाप, गुलाबी फीत म्हणजे निरागसता, नागमोडी काठी म्हणजे सैतान. मिनिटाला १२० शब्दांची सवय असल्यामुळे माझा एकही शब्द सुटला नाही. घरी येऊन मूळ कथा वाचली, तर नोट्समध्ये जे जे ठाम होतं ते कथेत कुठेच ठाम नव्हतं. काठी सापासारखी वळवळताना दिसली, असं सांगून लेखक लगेच म्हणतो की हा अर्थातच अपुऱ्या उजेडात झालेला डोळ्यांचा भ्रम असणार. नोट्समध्ये हे वाक्यच नव्हतं. माझ्या दृष्टीने नोट्स लिहिणाऱ्याने जबानीत खाडाखोड केली होती.

तेव्हा पहिलं काम हे की नोट्स आणि गाइड कपाटात ठेवा. जाळू नका, शेवटी थोडा उपयोग आहे.

पुस्तकाची अडचण नाही. या कथांवरचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर त्या फुकट वाचता येतात. मोठ्या ग्रंथालयात ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसची 'सेंटेनरी' आवृत्ती मिळाली तर तिचे ९, १० आणि ११ हे खंड कथांचे आहेत. मात्र कथासंग्रहांच्या क्रमाने वाचत जाल तर फसाल. हॉथॉर्नचे मुख्य संग्रह तीन: 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' (१८३७, वाढवून १८४२), 'मॉसेस फ्रॉम अ‍ॅन ओल्ड मॅन्स' (१८४६) आणि १८५१ च्या अखेरीचा 'द स्नो-इमेज'. पण 'यंग गुडमन ब्राउन' मासिकात छापली गेली १८३५ मध्ये आणि पुस्तकात आली १८४६ च्या संग्रहात. 'माय किन्समन, मेजर मॉलिन्यू' तर त्याहून जुनी असून तिसऱ्या संग्रहात जाऊन बसली. संग्रहाचं वर्ष बघून "इथे लेखक प्रौढ झाला" वगैरे लिहिणारे विद्यार्थी मी पाहिलेत. कथेच्या नावापुढे ती पहिल्यांदा कधी छापली ते वर्ष लिहून ठेवा, एवढं पुरे.

सुरुवात 'वेकफिल्ड'ने करा. आठ-दहा पानांची कथा आहे आणि तिच्यात लेखक स्वतःच पत्ते उघडे टाकतो. कुठल्याशा जुन्या मासिकात की वर्तमानपत्रात एक खरी म्हणून सांगितलेली गोष्ट वाचल्याचं आठवतं, असं म्हणून तो सुरू करतो. लंडनमधला एक माणूस प्रवासाला जातो म्हणून घरातून निघतो, शेजारच्याच गल्लीत खोली घेतो आणि वीस वर्षं तिथे राहून रोज आपलंच घर बघतो. एके दिवशी संध्याकाळी, जणू कालच बाहेर पडला होता अशा थाटात, परत येतो. हे सगळं पहिल्याच परिच्छेदात सांगून झालेलं असतं. पुढे काय उरतं? पुढे लेखक म्हणतो, चला, आपण या माणसाची कल्पना करू. आणि मग तो आपल्यासमोर माणूस बनवत जातो.

रकाने भरायला घ्या. कोणी पाहिलं: कोणीच नाही. ऐकीव बातमी, तीही अर्धवट आठवणारी. एवढं वहीत उतरलं की हॉथॉर्नचा निवेदक हा सगळं जाणणारा देव नाही हे हाडात भिनतं. तो इकडचं तिकडचं ऐकलेलं सांगणारा, मधूनच खांदे उडवणारा माणूस आहे.

कुठलीही कथा पहिल्यांदा एका बैठकीत वाचा, हातात पेन्सिल न घेता. हा सल्ला माझा नाही, हॉथॉर्नच्याच काळातल्या एका अमेरिकन लेखकाचा आहे. एडगर अ‍ॅलन पोने १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या संग्रहाचं परीक्षण लिहिताना म्हटलं होतं की कथा अर्ध्या तासापासून एक-दोन तासांत एका बैठकीत संपली पाहिजे, म्हणजे तिचा एकसंध परिणाम होतो. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि फक्त डळमळीत शब्दांखाली रेघ ओढा: सीम्ड, अ‍ॅपिअर्ड, परहॅप्स, अ‍ॅज इफ, आयदर-ऑर, इट वॉज सेड. प्रतीकांखाली रेघा ओढू नका, ती तशीही दिसतात. तिसऱ्या वाचनाला वही.

दुसरी कथा 'द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल'. (इंग्रजीत 'veil' म्हणजे बुरखा आणि 'whale' म्हणजे देवमासा, देवनागरीत दोन्ही 'व्हेल'च होतात. भाचीने आठ दिवस 'मोबी डिक' लिहिणाऱ्या मेल्व्हिलच्या देवमाशाची वाट पाहिली.) मिलफर्ड गावचा पाद्री हूपर एका रविवारी चेहऱ्यावर काळ्या क्रेप कापडाचा बुरखा घालून चर्चमध्ये येतो. तोंड आणि हनुवटी तेवढी दिसते. बुरखा का, हे तो मरेपर्यंत सांगत नाही. त्याच दिवशी दुपारी गावातल्या एका तरुण मुलीचा दफनविधी असतो. हूपर शवपेटीवर वाकतो, बुरखा पुढे लोंबतो, आणि त्याचा चेहरा दिसताच प्रेत किंचित शहारलं असं कोणीतरी शपथेवर सांगायला तयार असतं. इथे गाइडवाले थांबतात आणि लिहितात: प्रेत शहारलं. तुम्ही पुढचं वाक्य वाचा. या चमत्काराची साक्षीदार एकच, एक अंधश्रद्धाळू म्हातारी.

हे वाक्य वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. साक्षीदाराची विश्वासार्हता आणि पुष्टी करणारं कोणी नसणं, दोन्ही एका ओळीत.

गंमत म्हणजे पो इथे निकाल देऊन मोकळा झाला. त्याच परीक्षणात तो सुचवतो की या मुलीच्या संबंधात पाद्र्याच्या हातून काहीतरी काळंकुट्ट घडलं होतं आणि बुरख्याचा खरा अर्थ तोच. तुम्ही त्याचं म्हणणं धुडकावू नका, तपासा. बाजूने काय आहे? बुरखा आणि अंत्यविधी एकाच दिवशी. म्हातारीची साक्ष. शिवाय अंत्ययात्रेतल्या दोघांना पाद्री आणि त्या मुलीचा आत्मा हातात हात घालून चालल्याचा भास होतो. विरुद्ध काय आहे? बाकी सगळी कथा. मरताना हूपर म्हणतो की मला तर प्रत्येक चेहऱ्यावर काळा बुरखा दिसतो आहे. तो स्वतःबद्दल अवाक्षर कबूल करत नाही. आणि एक नोंद करायला विसरू नका: गावकऱ्यांचं शिष्टमंडळ त्याला विचारायला जातं आणि काही न विचारता परत येतं. समोर बसून सरळ प्रश्न विचारणारी एकच, त्याची वाग्दत्त वधू एलिझाबेथ. सगळ्या गावात उलटतपास घेतला तो तिनेच.

कथेला लेखकाची तळटीप आहे, ती सोडू नका. मेन प्रांतातल्या यॉर्कचा जोसेफ मूडी नावाचा खरा पाद्री असाच तोंड झाकायचा, कारण तरुणपणी त्याच्या हातून चुकून मित्र मारला गेला होता. पण हे कारण सांगण्याआधीच लेखक म्हणतो की त्याच्या बाबतीत मात्र या खुणेचा अर्थ वेगळा होता. म्हणजे कारण हातात द्यायचं, पण ते हूपरला लागू नाही हे आधीच सांगून ठेवायचं.

आता 'यंग गुडमन ब्राउन'. इथे जास्त वेळ काढा. त्याआधी थोडा इतिहास लागतो, पण थोडाच, नाहीतर उत्तरपत्रिकेची चार पानं त्यातच जातात.

हॉथॉर्नचा जन्म ४ जुलै १८०४ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचा. याच सेलमच्या चेटूक-खटल्यांत १६९२ साली १९ जणांना फाशी झाली, आणि बयान द्यायला नकार देणाऱ्या जाइल्स कोरीला अंगावर दगड रचून मारलं गेलं. आरोपींना प्रश्न विचारणाऱ्या न्यायाधीशांपैकी जॉन हॅथॉर्न हा लेखकाचा खापरपणजोबा. त्याचाही बाप विल्यम क्वेकर पंथाच्या लोकांचा छळ करण्याबद्दल प्रसिद्ध. लेखकाने आडनावात एक डब्ल्यू घातला. या पूर्वजांची लाज वाटून घातला असं सांगतात, पण ते माझ्या वहीत 'ऐकीव'मध्ये आहे. लाज वाटत होती हे मात्र त्याने 'द स्कार्लेट लेटर'च्या प्रस्तावनेत (१८५०) स्वतः लिहिलं आहे.

त्या खटल्यांत एक विशेष पुरावा चालत असे. साक्षीदार सांगायचा की आरोपीची छाया, तिचं भूत, रात्री माझ्या खोलीत आलं आणि मला चिमटे काढले. आरोपी म्हणणार, मी तर घरी झोपले होते. बरोबर आहे, तू झोपली होतीस, तुझी छाया गेली होती. याला बचाव काय करणार? एकतीस वर्षांत मी कच्चे पुरावे पुष्कळ टाइप केले, पण असा एकही नाही. पुढे पाद्र्यांनीच या पुराव्यावर शंका घेतली आणि ऑक्टोबर १६९२ मध्ये गव्हर्नर फिप्सने ते न्यायालय बरखास्त केलं.

एवढं माहीत असलं की कथेतली नावं चमकतात. जंगलात ब्राउनला दिसणारी गुडी क्लॉइस, उल्लेखात येणारी गुडी कोरी, मार्था कॅरियर, ही सगळी १६९२ च्या खऱ्या आरोपींची नावं. 'गुडमन' म्हणजे 'चांगला माणूस' असं भाषांतर करू नका. साध्या घरधन्याला हाक मारायची ती रीत होती, आणि 'गुडी' हे 'गुडवाइफ'चं लघुरूप. आमच्याकडे कारभारी-कारभारीण म्हणतात तसंच थोडंफार. हर्मन मेल्व्हिलसुद्धा या शीर्षकाला फसला होता. नाव वाचून ही लहान मुलांची गोष्ट असेल असं वाटलं, असं त्याने १८५० च्या लेखात लिहिलंय.

वही उघडा. लग्नाला तीन महिने झालेला ब्राउन बायकोला, फेथला, सोडून सूर्यास्ताला जंगलात जातो. तिथे भेटलेला नागमोडी काठीवाला प्रवासी म्हणतो, बॉस्टनमधून निघालो तेव्हा ओल्ड साउथ चर्चचं घड्याळ वाजत होतं, त्याला पंधरा मिनिटं झाली. बॉस्टन ते सेलम सुमारे २५ किलोमीटर. ब्राउन यावर काही विचारत नाही. पुढे पाद्री आणि चर्चचा पदाधिकारी, डीकन गुकिन, यांचे आवाज. ब्राउन फांद्या बाजूला सारून बघतो, त्याला सावलीसुद्धा दिसत नाही, पण शक्य असतं तर आवाज त्यांचेच असं शपथेवर सांगितलं असतं, असं त्याला वाटतं. उजेड: जवळजवळ नाही. दुसरा साक्षीदार: नाही. मग ढगातून येणारे गावकऱ्यांचे आवाज, जे पुढच्या क्षणी जंगलाची नुसती कुजबुज वाटतात. मग जंगलात भरलेल्या सैतानाच्या मेळाव्यात एकतर आगीच्या झोताने डोळे दिपले किंवा चर्चचे वीसएक सभासद ओळखू आले. हे 'एकतर-किंवा' लेखकाचं आहे, माझं नाही.

या सगळ्यात मुद्देमाल एकच: गुलाबी फीत. फितींचा उल्लेख कथेत पाच वेळा येतो. तीनदा सुरुवातीला फेथच्या टोपीवर, एकदा जंगलात आणि एकदा शेवटी. जंगलातली फीत हवेतून तरंगत येते, फांदीला अडकते, ब्राउन ती पकडतो. इथे 'जणू' नाही, 'कदाचित' नाही. म्हणून ही ओळ महत्त्वाची. पण कोर्टात मुद्देमाल जप्त केला की पंचनामा होतो, सील लागतं, निशाणी क्रमांक पडतो. ही फीत हातात आल्यावर कुठे गेली? कथा सांगत नाही. सकाळी ब्राउन गावात परततो तेव्हा फेथ टोपीला गुलाबी फिती लावून उभी असते, त्याला बघून आनंदाने धावत येते, आणि तो तिच्याकडे कठोर नजरेने बघून एक शब्द न बोलता पुढे जातो.

त्याने तिला विचारलं नाही. त्या रात्री तू कुठे होतीस, एवढंसुद्धा नाही. आयुष्यभर नाही. स्वप्न होतं का, या प्रश्नावर लेखक म्हणतो, हवं तर तसं समजा. गाइडं या वाक्यावर पानं खर्च करतात: स्वप्न की सत्य? माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. ज्या पुराव्यावर लेखकाच्या खापरपणजोबाने बायका तुरुंगात धाडल्या, त्याच पुराव्यावर हा नवरा सगळ्या गावाला दोषी ठरवतो, आणि आरोपींना म्हणणं मांडायची संधी देत नाही. हा शोध लागला त्या रात्री मला झोप आली नाही. नंतर ग्रंथालयात कळलं की डेव्हिड लेव्हिन नावाच्या अभ्यासकाने १९६२ मध्ये 'अमेरिकन लिटरेचर' या नियतकालिकात छायापुराव्यावरून ही कथा उलगडून ठेवलीच होती. थोडं वाईट वाटलं, मग बरं वाटलं. पण समीक्षा शेवटी वाचायची ती यासाठीच. आधी वाचली असती तर ते लेव्हिनचं राहिलं असतं.

'रॅपाचिनीज डॉटर' (१८४४) मोठी आहे, दोन दिवस ठेवा. पादुआ शहरात शिकायला आलेला जिओव्हानी खिडकीतून डॉक्टर रॅपाचिनीची विषारी बाग बघतो. डॉक्टरची मुलगी बिआट्रिस त्या झाडांत वाढलेली, म्हणून तीही विषारी, असा संशय. दुसऱ्या रकान्याची, अंतराच्या रकान्याची, सर्वांत जास्त गरज इथे लागते. फुलाच्या देठातला थेंब पडून सरडा मरतो, पण इतक्या लांबून एवढी बारीक गोष्ट त्याला दिसणं कठीणच होतं, असं लेखक मधेच घालतो. जिओव्हानीने दिलेला गुच्छ बिआट्रिसच्या हातात कोमेजतो, पण त्या अंतरावरून ताजं फूल आणि कोमेजलेलं फूल ओळखू येणं शक्य नाही. आणि त्या दिवशी तो प्रोफेसर बाल्योनीकडे जेवून, दारू पिऊन आलेला असतो. बाल्योनीच रॅपाचिनीविरुद्ध त्याचे कान भरतो, आणि या दोन डॉक्टरांचं व्यावसायिक वैर जुनं आहे हेही लेखक सांगून ठेवतो. हितसंबंधी साक्षीदार म्हणतात तो हाच.

आपल्याला इथे एक घरचा धागा सापडतो. बाल्योनी जिओव्हानीला जुन्या पुस्तकातली गोष्ट सांगतो: एका हिंदी राजाने सिकंदराला भेट म्हणून विषावर वाढवलेली सुंदर स्त्री पाठवली. म्हणजे आपली विषकन्या. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त नंदांच्या राक्षस नावाच्या अमात्याने चंद्रगुप्तासाठी योजलेली आणि चाणक्याने पर्वतकाकडे वळवलेली. हॉथॉर्नने ही गोष्ट सतराव्या शतकातल्या थॉमस ब्राउनच्या ग्रंथातून आपल्या वहीत उतरवून घेतली होती, आणि तो ग्रंथ लोकांच्या खोट्या समजुती तपासण्यासाठी लिहिलेला आहे! पण परीक्षेत विषकन्येवर पान भरू नका, दोन ओळी लिहा. बाल्योनी ती गोष्ट कशासाठी सांगतो, ते जास्त मोलाचं. मरताना बिआट्रिस विचारते की पहिल्यापासून माझ्यापेक्षा तुझ्याच स्वभावात जास्त विष नव्हतं का. तिचं शरीर विषारी होतं हे खरं निघतं, तरी जिओव्हानीने तिच्याबद्दल दिलेला निकाल चुकीचाच ठरतो. ब्राउनपेक्षा ही गुंतागुंत वरच्या पायरीची आहे, म्हणून ही कथा नंतर.

'द बर्थ-मार्क' (१८४३) तुम्ही आता एकट्याने वाचू शकाल. जॉर्जियानाच्या गालावरची हाताच्या आकाराची खूण बघणाऱ्यानुसार बदलते, परीचा हात म्हणणारे प्रियकर आणि रक्ताळलेला हात म्हणणाऱ्या काही बायका. वहीत तेवढीच एक यादी करा, पुरेल.

उत्तर लिहिताना 'अमुक हे तमुकचं प्रतीक आहे' या वाक्याने परिच्छेद सुरू करू नका. 'ब्राउनला फीत दिसते तेव्हा...' असं करा. कर्ता पाहणारा माणूस असला की पुढची वाक्यं आपोआप नीट येतात. इंग्रजी अवतरण सहा-सात शब्दांचंच घ्या, पण त्यातला डळमळीत शब्द गाळू नका. भाचीच्या पहिल्या सराव उत्तरात 'द कॉर्प्स शडर्ड' होतं. मधला 'स्लाइटली' उडाला होता आणि म्हातारी तर पूर्णच गायब. मी लाल पेनाने लिहिलं: साक्षीदार हजर करा.

सध्या ती 'माय किन्समन, मेजर मॉलिन्यू'वर अडकली आहे. खेड्यातला रॉबिन रात्री नऊच्या सुमाराला नावेतून शहरात येतो आणि भेटेल त्याला आपल्या नातेवाइकाचं घर विचारत सुटतो. चंद्रप्रकाश, खाणावळीतला दिवा, न्हाव्याच्या दुकानातला उजेड, शेवटी मशाली. मधेच अर्धा चेहरा लाल आणि अर्धा काळा रंगवलेला माणूस. काल तिने फोनवर सांगितलं, उजेडाचा रकाना पुरत नाही. मी म्हटलं, मग वही उभी धर.